फडकं नसलं तरी

भोर, ९ फेब्रुवारी २०२५

सौदामिनी,

वरद म्हणाला, आईनं मोबाईल बंद करून कपाटात ठेवला आहे. म्हणून लिहितो आहे. मला घरची पत्रं लिहायची सवय नाही. तहसील कचेरीत तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली, पण ती पत्रं दुसऱ्यांची असत.

इकडं ठीक आहे. तुळशीला पाणी घालतो. पोळ्या शेजारच्या सुलक्षणाबाईंकडून येतात. नाशिकला थंडी जास्त असेल, तुझी राखाडी शाल इथंच राहिली आहे. सांगशील तर पाठवतो.

मी बेटावर जाऊन आलो.

तुला न विचारता गेलो. अमृत बाजारात भेटला. चैत्राली गेली तेव्हा दवाखान्यात पाहिला होता, त्यानंतर आत्ताच. त्यानं वाकून नमस्कार केला आणि उगीच बाजूच्या टोपल्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "शेफाली इचारती, आईचे आईबाबा कुठं असतात. म्या सांगतो, भोरला. मग म्हनती, भोर लई लांब हाय का?"

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर एसटीत बसलो.

भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी तासभर जाते. एका वळणावर उतरायचं आणि करंजाच्या झाडापर्यंत खाली चालत जायचं. समोर पाणी, पलीकडं बेट. पलीकडचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. हाकही पोचत नाही, आणि तिथं मोबाईलला रेंज नाही. त्या जागी मी पूर्वी एकदा उभा होतो, हे तुला माहीत आहे.

करंजाच्या बुंध्याला एक पत्र्याचा डबा ठोकलेला आहे. अमृतनं तो उघडून एक पिवळं फडकं काढलं आणि फांदीला बांधलं. मी विचारलं, हे काय. म्हणाला, "आमच्या घरचं. बेटावर पाच घरं, पाच रंगाची फडकी. ज्याचं फडकं दिसंल त्या घरची होडी येती."

मी तिथंच खाली बसलो. अमृतला वाटलं, उन्हानं. त्यानं बाटलीतलं पाणी दिलं.

होडी घेऊन त्याचे वडील सोनबा आले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. मी बूट घालूनच चढायला लागलो तर म्हणाले, "इवाई, बूट काडा. न्हाईतर गाळ ठिवून घील, मागारी देयाचा न्हाई." मग वल्हं मारता मारता म्हणाले, "सात वर्सं लागली तुमास्नी एवढं पानी वलांडाया." हसून म्हणाले, पण मग वल्हं जोरात मारायला लागले.

जागा चांगली आहे. मला वर्णन करता येत नाही. टेकाडावरून लांब राजगड दिसतो. धरणाचं पाणी दिवाळीनंतर उतरायला लागतं, तसतशी खालची जमीन उघडी पडते. त्या ओल्या गाळात ही मंडळी पेरतात. पंधरा दिवसांनी पाणी आणखी खाली गेलं की पुढची पट्टी. त्यामुळं काठावर शेत पायऱ्यांसारखं दिसतं. वरच्या पट्टीत हरभरा घाट्यांना आलेला, मधल्या पट्टीत फुलं, आणि अगदी पाण्याला लागून नुसते दोन पानांचे कोंब. आपली चैत्राली हे शाळेतल्या मुलांकडून वहीत काढून घ्यायची म्हणे.

शेफाली साडेसहा वर्षांची आहे. कपाळ चैत्रालीचं. बोलताना डाव्या हातानं केस मागं सारते. मला म्हणाली, "तुम्ही भोरआजोबा का?" मी हो म्हणालो. म्हणाली, "आजी कुठाय?"

नाशिकला जाताना तू उंबऱ्यात एवढंच म्हणालीस, "मी तिचा फोन घेतला असता तर." ते वाक्य अजून घरात आहे. जेवत जा.

शरच्चंद्र


बेट, ३ मार्च २०२५

सौदामिनी,

तुझं पत्र नाही. वरद म्हणतो, आई दुपारचं ताट तसंच सारते. असं करू नकोस.

मी पुन्हा इथं आलो आहे. आठ दिवस झाले. अमृत नको म्हणत नाही आणि मीही निघत नाही. रात्री पडवीत झोपतो. सकाळी शेफालीला शाळेत पोचवतो, ती शाळा म्हणजे चैत्रालीचीच. एक खोली, बाहेर जास्वंद. शिक्षण सेवक म्हणून ती इथं आली तेव्हा मीच तिला एसटीत बसवून दिलं होतं. वर्षभरात अमृतचं नाव कानावर आलं आणि मी म्हणालो, पाण्यातल्या वाडीवर मुलगी देणार नाही. खरं कारण पाणी नव्हतं, हे तुलाही माहीत होतं. मी लग्नाला नाही म्हणालो, म्हणून तूही गेली नाहीस.

इथल्या गाळाच्या जमिनीत प्रत्येकाची पट्टी ठरलेली असते. बांध सहा-सात महिने पाण्याखाली असतात, तरी कुणी कुणाच्या पट्टीत शिरत नाही. यंदा चैत्रालीची पट्टी अमृतनं तशीच सोडली होती. काल शेफालीनं हट्ट केला, म्हणून आम्ही तिच्यात मूग टाकला. मी गुडघाभर रुतलो. सोनबा काठावर बसून बघत होते. "सायेब, फायलीत न्हाई गावायचं ह्ये," म्हणाले. मग येऊन हात दिला.

आता जे सांगायचं ते सांगतो.

१३ एप्रिल २०१९, दुसरा शनिवार. तुला न सांगता मी चांदीची वाटी घेऊन इथं आलो होतो. शेफाली तेव्हा सात महिन्यांची होती. करंजाखाली तीन तास उभा राहिलो. पलीकडं बायका ये-जा करताना दिसत होत्या, होडी बांधलेली दिसत होती. कुणी आलं नाही. मी परत गेलो आणि तुला सगळं सांगितलं. त्यानंतर तू चैत्रालीचा फोन घेणं बंद केलंस.

परवा ठकुबाई, म्हणजे अमृतची आई, चुलीपाशी बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, मी एकदा आलो होतो. त्यांनी भाकरी तव्यावरच ठेवली.

"कवा?"

मी सांगितलं.

"पांढरा सदरा? हातात पिशवी?"

मी हो म्हणालो. त्यांनी तवा चुलीवरून उतरवला. मग म्हणाल्या, "त्ये तुमी व्हय."

त्या वर्षी गाळाच्या पट्ट्या मोजायला सरकारी माणसं येत होती, जमीन काढून घेतील अशी भीती होती. पाचही घरांनी ठरवलं होतं, फडकं नसेल त्याला होडी न्यायची नाही. त्या दिवशी चैत्राली शेफालीला कडेवर घेऊन काठावर आली. ठकुबाई सांगत होत्या ते जसंच्या तसं लिहितो. "म्हनली, आत्याबाई, आमच्या बाबांवानी हुबा ऱ्हातोय त्यो मानूस. म्या म्हनलं, जा की मंग, बग. तर आमचं म्हातारं आडवं आलं. मोजनीवाला असंल, म्हनलं. तरी ती हाललीच न्हाई. तुमी हुबं हुता तवर तीबी उनात हुबी हुती."

सोनबा ऐकत होते. ते उठून माझ्यासमोर आले आणि खाली बसले. म्हणाले, "इवाई, चूक माजी. म्याच तिला थांबिवलं."

मी म्हणालो, जाऊ द्या. कुणाचीच चूक नव्हती.

तेव्हा तिनं मला परत पाठवलं नव्हतं, एवढं तुला कळावं म्हणून लिहिलं. जेवत जा.

शरच्चंद्र


भोर, २१ मार्च २०२५

सौदामिनी,

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं.

ठकुबाई आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. चैत्राली काठावर उभी असताना म्हणाली होती, "बाबा असते तर फडकं लावलं असतं. मी सगळं लिहून पाठवलंय. बाबा पत्र वाचल्याशिवाय राहायचे नाहीत, कचेरीत त्यांचं कामच ते आहे."

पत्र आलं होतं. त्याच वर्षी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तू वरदच्या घरभरणीला नाशिकला गेली होतीस तेव्हा. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तिनं सासरचं नाव लिहिलं होतं. ठसठशीत अक्षरात, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं. ते नाव बघून मी पाकीट बाजूला ठेवलं. वाटलं, उद्या उघडू. दुसऱ्या दिवशी वाटलं, इतक्यात नको. मग वीजबिलांच्या फायलीत घातलं. तुला सांगितलं नाही. फोनवर तीही तुझ्याशी पत्राचं बोलली नसावी, माझ्या उत्तराची वाट बघत असेल.

तीस वर्षं रोज शंभर पाकिटं उघडली. कुणाची, कसली, बघितलं नाही. उघडायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा. स्वतःच्या मुलीचं एक उघडलं नाही.

महिन्यानं मलाच राहवेना, म्हणून वाटी घेऊन निघालो. तरी पाकीट उघडलं नाही. उघडलं असतं तर नमल्यासारखं झालं असतं. न उघडता गेलो म्हणजे आपल्या मर्जीनं गेलो, असं काहीतरी डोक्यात होतं.

परवा बेटावरून आलो आणि फाईल काढली. सहा वर्षांची बिलं होती, त्यात ते होतं. ते या पाकिटात घातलं आहे. तू स्वतः वाच. पण तुझ्या हाती पडेपर्यंत धीर नाही, म्हणून थोडं इथं उतरवतो.

"ती. बाबा आणि आई, तुमची नात आता हुंकार देते. उष्टावण पाडव्याला करायचं म्हणतोय. पहिला घास बाबांच्या हातचा असावा अशी माझी इच्छा आहे, आणि इथल्या सगळ्यांचीही. पाडव्याला जमलं नाही तर नंतरच्या कुठल्याही शनिवारी या. आम्ही थांबू. येताना एक करायचं. करंजाच्या झाडाला डबा आहे, त्यात पिवळं फडकं आहे, ते फांदीला बांधायचं. दुसऱ्या रंगाचं नको, नाहीतर भिमाकाकू नेतील आणि जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. मी दर शनिवारी पाण्यावर नजर ठेवीन. बाबा, तुम्ही रागावला असलात तरी चालेल. रागावूनच या."

खाली तिची सही आहे. नुसतं चैत्राली.

शेफालीचं उष्टावण त्यांनी मे महिन्यात केलं. तोवर थांबले होते.

सोनबांनी चूक आपल्यावर घेतली तेव्हा मी त्यांना घेऊ दिली. आणि त्या दिवशी घरी येऊन तुला मी काय सांगितलं होतं, तेही आता लिहितो. मी म्हणालो होतो, "तुझ्या लेकीनं मला बघितलं, ओळखलं आणि पाठ फिरवली." पाठ फिरवलेली मी पाहिली नव्हती. पलीकडून चेहरासुद्धा दिसत नाही. तू फोन कापायला लागलीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्या बाजूचं कुणीतरी आहे, असं वाटलं होतं.

गेल्या श्रावणात तिला तो शेवटचा ताप आला तेव्हा तिनं टेकाडावर चढून तुला दोनदा फोन लावला. ते तू माझ्यासाठी घेतले नाहीस. त्याचं ओझं तू एकटी उचलून नाशिकला गेलीस. ते तुझं नाही. माझं आहे.

यानंतर तुला माझ्या घरात यायचं नसेल तर मी समजू शकतो. पण बेटावर ये. शेफाली विचारते.

शरच्चंद्र


बेट, १७ मे २०२५

सौदामिनी,

दोन महिने होत आले. तुझ्याकडून काही नाही. मी समजलो होतो की तू वाचलंस आणि हेच तुझं उत्तर आहे. ते मला मान्य होतं.

मी भोरचं घर बंद करून इथं आलो आहे. अमृतनं पडवीला एका बाजूनं बांबूच्या तट्ट्या लावून दिल्या. शाळेत नवीन गुरुजी आठवड्यातून तीन दिवस येत, उरलेले दिवस मुलांचे पाढे मी घ्यायचो; आता सुट्टीतही घेतो. तिच्या खुर्चीवर बसत नाही. शेफालीनं बसायला सांगितलं, तरी बसलो नाही.

सोनबांना सगळं सांगितलं. पडवीत, ठकुबाईंच्या समोर. पत्र आलं होतं, मी उघडलं नाही, तुमची काही चूक नव्हती, असं तीन वाक्यांत. सोनबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले. शेवटी म्हणाले, "आन् म्या हितं सा वर्सं मोजनीवाल्याला शिव्या देतोय." हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. उठून होडीकडं गेले.

ठकुबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढत होत्या, भाकरी आधी मलाच देत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाटी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उटा. तिच्या पट्टीतला मूग आलाय. शेंगा फुटून जातील." दिवसभर आम्ही शेंगा तोडल्या. संध्याकाळी पाट्या उचलताना त्या म्हणाल्या, "पोरगी तुमाला लई मानत हुती." एवढंच. मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

त्या संध्याकाळी पाचही घरची माणसं बसली. सोनबांनी विषय काढला. आता फडकं असो नसो, करंजाखाली कुणी उभं दिसलं की होडी न्यायची. भिमाकाकू म्हणाल्या, "आन् मोजनीवाला आला तर?" सोनबा म्हणाले, "त्येलाबी आनायचा. च्या पाजायचा आन् मागारी सोडायचा."

तेव्हापासून मी वल्हं शिकतो आहे. होडी अजून गोल फिरते. गेल्या शनिवारी पलीकडं एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी. फडकं नव्हतं. मी सोनबांची वाट न बघता एकटाच निघालो. निम्म्या पाण्यात दिसलं की तू नाहीस. पाली गावची कुणी रतनबाई होती, वाट चुकून चुकीच्या वळणावर उतरली होती. तिला गाडीत बसवून दिलं. शेफाली काठावर उभी होती. "आजी होती का?" म्हणाली. मी म्हणालो, नाही. म्हणाली, "मग पुढच्या शनिवारी."

आज सकाळी टेकाडावर जाऊन वरदला फोन लावला. त्यानं सांगितलं, आईनं तुमची तिन्ही पत्रं घेतली. एकही उघडलं नाही. कपाटात मोबाईलशेजारी ठेवली आहेत.

मी फोन ठेवला आणि तिथंच दगडावर बसलो. तुला दोष देत नाही. पाकीट बाजूला कसं ठेवलं जातं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही. तू अजून ते ओझं घेऊन ताट सारते आहेस.

वरदला फोनवर सगळं सांगून त्याच्या तोंडून तुला कळवता आलं असतं. तेवढं मी करणार नाही. माझं मीच सांगायला हवं. हे पत्रही मी पाठवत नाही, लिहायला बसलो होतो म्हणून पुरं केलं. पाकिटात घातलं तर हे चौथं होईल.

दुपारच्या गाडीनं भोरला जातो. पोस्टकार्ड उघडावं लागत नाही.

शरच्चंद्र


पोस्टकार्ड
भोर, १७ मे २०२५

सौदामिनी, कार्ड आहे, पोस्टमन वाचेल, वरद आणि सूनबाई वाचतील. वाचू देत.

चैत्रालीनं मला परत पाठवलं नव्हतं. होडी कशी बोलवायची ते तिनं पत्रात लिहिलं होतं. ते पत्र मी उघडलं नाही आणि तुझ्यापासून लपवलं. तिनं पाठ फिरवली हे मी खोटं सांगितलं. तू तिचा फोन घेतला नाहीस तो माझ्या खोट्यामुळं. तुझी चूक नाही.

कपाटातल्या तीन पाकिटांत एक जाड आहे. त्यात तिच्या हातचं पत्र आहे. माझं वाचू नकोस. तिचं वाच.

शेफाली शनिवारी काठावर उभी असते. करंजाच्या डब्यात पिवळं फडकं आहे. ते लावायचं राहिलं तरी होडी येईल. मी होडीत नको असेन तर दुसऱ्या कुठल्याही रंगाचं लाव, मी समजेन आणि काठावरच थांबेन.

श.